शेवटचा परिच्छेद

किसनराव गुरुजींच्या नातीला वाचता येत नाही हे मुबीनाच्या ध्यानात आलं, तेव्हा तिला आधी झाला तो आनंद. कीव, काळजी, वाईट वाटणं हे सगळं नंतर. आधी आनंद.

मुबीना चिखली तालुक्यात विशेष शिक्षिका होती. गावोगावच्या शाळांत जायचं, फळ्याकडे डोळे बारीक करून बघणारी, हाक मारली तरी वळून न बघणारी, पुस्तक उघडलं की पोटात दुखतं म्हणणारी मुलं हेरायची, आईबापांची समजूत घालून त्यांना बुलढाण्याला तपासणीसाठी पाठवायचं आणि अशा मुलांना शिकवण्याची वेगळी रीत वर्गशिक्षकांच्या गळी उतरवायची, हे तिचं काम. ह्या वर्षी तिच्याकडे अमडापूरच्या बाजूची गावं आली होती. त्यातलं एक तिचं माहेरच. ज्या शाळेच्या पटांगणात ती लंगडी खेळली, तिथेच आता तिला खुर्ची मिळत होती.

चौथीच्या वर्गात ज्ञानेश्वर सर म्हणाले, "ही पोरगी तल्लख आहे मॅडम. धडे घडाघडा वाचते. पण लिहायचं म्हटलं की अंग चोरते. आळस, दुसरं काय."

मुबीनाने मुलीला जवळ बसवलं. दोन घट्ट वेण्या, हनुवटीवर तीळ. पुस्तक दिलं तशी मुलगी हावभावासकट पूर्ण पान बोलून गेली. मुबीनाने मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "फक्त हे वाच." मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग मुबीनाने अजून न शिकवलेला धडा काढला. मुलीने चित्राकडे पाहिलं आणि त्यातल्या बैलावर एक झकास गोष्ट रचून सांगितली. ती त्या पानावर कुठेच नव्हती. लिहायला सांगितल्यावर 'घर'चं 'धर' झालं, 'कमळ'चं 'मकळ'. तोंडी हिशेब मात्र तिने सरांच्याही आधी केला.

मुबीनाला आणखी तपासायची गरज नव्हती. असं मूल तिने स्वतःच्या घरात वाढताना पाहिलं होतं.

"नाव काय तुझं?"

"प्रेरणा गणेश वायाळ."

"वायाळ? किसनराव गुरुजींची कोण?"

"ते माह्ये आबा हायेत," मुलगी अभिमानाने म्हणाली.

मुबीनाचा पेन हातातच राहिला. "बाकीची मुलं बघू," ती सरांना म्हणाली. "हिचं नंतर."

*

मतीन तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्यांचे अब्बा रज्जाक गाद्या भरायचे, अम्मी शाहजादी गोधड्या शिवायची. मतीन असा होता की बंद पडलेला रेडिओ उघडून पुन्हा बोलता करायचा, पण पुस्तकातली ओळ त्याच्यापुढे आली की अनोळखी गावातल्या कुत्र्यासारखी त्याच्यावर धावून यायची. त्या काळी ह्याला काही नाव असतं हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. किसनराव गुरुजींनी स्वतःच नाव दिलं. दगड.

नुसतं नाव देऊन ते थांबले नाहीत. वाऱ्याने वर्गाचं दार आपटू नये म्हणून उंबऱ्याशी एक काळा दगड असायचा. मतीन वाचताना अडखळला की गुरुजी तो दगड त्याच्या दोन्ही हातांत द्यायचे आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. "बघा रे, भाऊ भावाले घेऊन चालला." सगळी शाळा हसायची. मुबीना दुसरीत होती. एकदा तीही हसली होती, कारण बाजूच्या मुली तिच्याकडे बघत होत्या.

शेवटी गुरुजींनी अब्बांना बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "रज्जाक, ह्याले कापूस पिंजाले बसव. शाळेतली जागा अडवून राह्यला." अब्बांनी मान खाली घालून मुलाला घरी आणलं. आठवड्याभरात मतीन घरातून पळाला. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कोणीतरी त्याला कामाला ठेवून घेतलं. तो परत आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. तोवर अम्मीने त्याचा धसका घेतला होता, त्यातच ती गेली.

आता मतीनचं मेहकरला वेल्डिंगचं दुकान होतं. त्याने केलेली फाटकं लोक लांबून बघायला यायचे. पण दुकानावरची पाटी त्याला वाचता येत नव्हती. मुलीच्या शाळेत पालकांची सभा असली की त्याला नेमकं काम निघायचं.

मुबीना विशेष शिक्षिका झाली ती त्याच्यामुळे, असं ती मुलाखतीत म्हणाली होती. ते खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती तिने कोणाला सांगितली नव्हती. त्या माणसाला एकदा तरी आपल्यासमोर अडखळताना बघायचं.

*

पंधरवड्यानंतर गावच्या स्टँडवर एक बाई तिच्याजवळ आली. डोक्यावरून पदर, हातात भाजीची पिशवी. "मॅडम, मी रेणुका. प्रेरणाची आई."

"बोला."

"पोट्टीचं काही वेगळंच हाय, असं मले वाटते. मामाजी, म्हंजे गुरुजी, तिले सकाळी घेऊन बसतात. पट्टीनं मारतात. ती रात्रीचं पांघरूण ओलं करून राह्यली. एवढ्या मोठ्या वयात, सांगा बरं." तिचा आवाज खाली गेला. "तुमी बाकीच्या लेकरायले तपासलं म्हने. हिचं काऊन नाई?"

उत्तर मुबीनाच्या जिभेवर होतं. तुमची मुलगी आळशी नाही, तिला मारणं आजच्या आज थांबवा, पुढच्या मंगळवारी माझ्याबरोबर बुलढाण्याला चला. इतकंच बोलायचं होतं.

"तुमचे सासरे गावातले सगळ्यात मोठे गुरुजी," ती म्हणाली. "त्यांना विचारा ना. त्यांना कळत नसेल असं कसं होईल?"

बस आली. मुबीना चढली, खिडकीशी बसली आणि चिखली येईपर्यंत तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही.

त्यानंतर सरपंच भगवंतराव यांचा फोन आला. किसनराव गुरुजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. गाव त्यांचा सत्कार करणार होतं. शाल, श्रीफळ, मानपत्र. "तुमीबी त्यायच्याच हाताखालच्या. आज मॅडम झाल्या. स्टेजवर बसा लागते तुमाले," भगवंतराव म्हणाले. "अन् एक सल्ला द्या. मानपत्र कोनाले वाचाले लावावं? ज्ञानेश्वर सर म्हनतात मी वाचतो, पन त्यायचा आवाज बसलेला हाय."

मुबीनाला विचार करायला वेळ लागला नाही. एखादी गोष्ट मनात कधीचीच तयार असावी, तशी ती बाहेर आली.

"नातीलाच वाचू द्या. आजोबांचं मानपत्र नातीनं वाचलं तर किती शोभून दिसेल."

"वा! क्या बात है," भगवंतराव खूश झाले.

गुरुजी नाही म्हणणार नाहीत हे तिला माहीत होतं. गावभर ते नातीच्या हुशारीची टिमकी वाजवायचे. फोन ठेवल्यावर मुबीना स्वयंपाकघरात जाऊन गार पाणी प्याली. तिला मुलगी आठवली, हनुवटीवरचा तीळ आठवला. मग मैदानातून छातीशी दगड धरून चालणारा मतीन आठवला आणि तीळ मागे पडला.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी रेणुकाने फोन केला. "मॅडम, तिनं सगळं पाठ केलं. पन मले भ्या वाटते. तुमी मामाजीले सांगा ना, दुसऱ्या कोनाले द्या म्हून. तुमचं आयकतील ते."

"पाठ आहे ना? मग कशाला घाबरता?" मुबीना म्हणाली.

*

मतीनला ती ओढूनच घेऊन गेली. "मले काय करायचं तथी?" तो म्हणत होता.

"चल भाई. तुला एक गोष्ट दाखवायचीय."

शाळेच्या मैदानात मंडप होता. मतीन मागच्या रांगेत, खांबाला टेकून उभा राहिला. खुर्चीवर बसला नाही. मुबीना व्यासपीठावर, पाहुण्यांच्या ओळीत. मधोमध किसनराव गुरुजी, कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर फेटा, अजून ताठ. भाषणं लांबली. प्रमुख पाहुण्यांना बुलढाण्याला दुसरा कार्यक्रम होता, ते घड्याळ बघायला लागले. म्हणून प्रेरणा निळं परकर-पोलकं घालून माईकपुढे आली, तेव्हा भगवंतराव तिच्या कानाशी वाकले. पण माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. "बाळा, टाइम नाही. फक्त शेवटचा परिच्छेद वाच."

मुलीने चौकटीतल्या मानपत्राकडे पाहिलं. तिच्याजवळ सगळं मानपत्र होतं, पहिल्या शब्दापासून. मधूनच धरायला मात्र तिच्या हातात काही नव्हतं. मग हळूच, "सन्माननीय…" असं पहिल्यापासून म्हणायला लागली.

"शेवटचा, शेवटचा," भगवंतराव कुजबुजले.

मुलीने बोट काचेवर ठेवलं. "धे… घे… धेये…" आणि थांबली. मंडपात कोणीतरी पोर हसलं. मग चारदोन हसली.

"वाच ना!" गुरुजी बसल्या जागेवरून म्हणाले. "घरी तर पोपटावानी म्हनत होती."

मुलीचे ओठ नुसतेच हलत होते. गुरुजी उठले, तिच्याजवळ आले, ओळीवर बोट आपटलं. "हे काय हाय? आँ? ध्येयनिष्ठ! चौथीत हायेस ना?" तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. त्यांचा हात वर गेला आणि तिच्या गालावर पडला. तो आवाज आणि त्यामागून आलेला शब्द, दोन्ही कर्ण्यांमधून गावभर गेले.

"दगड! नुसता दगड हाय!"

पुढे बसलेली म्हातारी जनकाबाई मोठ्याने म्हणाली, "अवो गुरुजी, आजच्या दिवशी तरी!" पाहुण्यांनी घड्याळावरून नजर काढून जमिनीकडे लावली. फेट्याखाली गुरुजींचा चेहरा काळवंडला. गावाने त्यांच्यासाठी मंडप घातला होता आणि त्याच मंडपात गाव त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होतं.

मुबीनाच्या अंगातून काहीतरी गोड, ऊन असं सरसरत गेलं. इतक्या वर्षांनी. तिने मतीनला शोधलं. त्याने हे बघायला हवं होतं, त्याच्यासाठीच तर होतं.

मतीन गुरुजींकडे बघत नव्हता. तो मुलीकडे बघत होता. त्याचे दोन्ही हात पोटापुढे आले होते, तळवे वर, जड काहीतरी पेलल्यासारखे. मग तो खांब सोडून चालू लागला. खुर्च्यांमधून, पायऱ्यांवरून थेट माईकपर्यंत. मुलीपुढे उकिडवा बसून म्हणाला, "चल माय. आईकडे जाऊ."

"कोन बे तू?" गुरुजी ओरडले.

"मतीन. रज्जाक पिंजाऱ्याचा."

गुरुजींनी त्याला खालून वर पाहिलं. कपाळावर आठी आली. "कोन मतीन?"

त्यांनी नाटक केलं नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मुबीनाला ते स्पष्ट दिसलं, आणि आतली सगळी गोडी आंबून गेली.

मतीनने मुलीला उचलून रेणुकाच्या हातात दिलं आणि मंडपाबाहेर निघून गेला.

मोटरसायकलपाशी मुबीनाने त्याला गाठलं. तो किक मारत होता.

"तू मले हे दाखवाले आनलं?"

"तुला बरं नाही वाटलं?"

"वाटलं. एक क्षन वाटलं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मंग त्या पोट्टीचे ओठ दिसले. मुबी, तुले तर पाह्यल्या पाह्यल्या समजते ना अशा लेकरायचं? तेच काम हाय ना तुयं?"

तिने मोटरसायकलचं हँडल धरलं.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला. "त्यायले माहीत नव्हतं, म्हून त्यायनं केलं. तुले माहीत असून तू केलं." आणि तिला तिथेच सोडून तो मेहकरच्या रस्त्याला लागला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वायाळांच्या घरी गेली. रेणुका दारात उभी होती, बाजूला झाली नाही.

"भगवंतराव भाऊजीनं सांगतलं. तिचं नाव तुमीच सुचवलं म्हने."

"हो."

"काऊन?"

"तुमच्या सासऱ्यांसाठी. त्यांनी माझ्या भावाचं जे केलं त्यासाठी."

"अन् माह्यी पोट्टी?"

मुबीना म्हणाली, "ती आळशी नाही. तिला डिस्लेक्सिया आहे. बुद्धी शाबूत असते, अक्षरं तेवढी धरता येत नाहीत. वेगळ्या पद्धतीनं शिकवलं तर ती वाचेल. मी नको असेन तर दुसऱ्या बाईंना पाठवते. पण आता थांबू नका."

रेणुका दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "या. तिच्यासाठी या, तुमच्यासाठी नाई."

गुरुजी ओसरीत दिवाणावर बसले होते. त्यांचा मुलगा गणेश शेतावर निघायच्या तयारीत कोपऱ्यात चप्पल शोधत होता. "आल्या का मॅडम," गुरुजी म्हणाले. "आजकाल आळसालेबी इंग्रजी नाव निघालं. दोन ठेवून दिल्या की सुदरतात लेकरं."

मुबीनाने पिशवीतून एक छापील कागद काढला. पालकांच्या सभेत ती तो वाटायची. त्यात साधीच गोष्ट होती, पण अक्षरं उलटीपालटी केलेली, काना-मात्रे सरकवलेले, शब्द भलत्याच जागी तोडलेले. "वाचा गुरुजी."

त्यांनी चष्मा लावला. "हे… क… पा… काय छापलं हे?"

"मोठ्यानं."

"पाऊ… नाई. दऊपा… "

"लवकर. सगळे थांबलेत."

त्यांच्या मानेची शीर फुगली. गणेशचं चप्पल शोधणं थांबलं होतं. रेणुका दाराशी, तिच्या मागे प्रेरणा. गुरुजींनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडले. एक ओळ पुरे होती, सभेत ती एका ओळीवर थांबवायची. आज तिने थांबवलं नाही. दुसरी ओळ, तिसरी. ते घामाघूम होईपर्यंत ती "पुढे" म्हणत राहिली आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटलं. ते ती नाकारणार नव्हती.

"तिला असंच दिसतं असं नाही," ती शेवटी म्हणाली. "पण वाचताना इतकेच कष्ट पडतात. रोज. आणि वरून मार. मतीन रज्जाकलाही तेच होतं. तुम्ही दाराचा दगड त्याच्या हातात देऊन त्याला मैदानात फिरवलंत. तो पळून गेला, दोन बोटं गमावून आला, आमची अम्मी त्याच धसक्यानं गेली."

"शेकड्यानं लेकरं शिकवली म्या," गुरुजी कागद बाजूला टाकत म्हणाले. "कोनाकोनाचं ध्यानात ठेवू?"

ह्यावर काय बोलायचं ते मुबीनाने बसमध्ये ठरवून ठेवलं होतं, शब्दन् शब्द. पण गणेशने वाकून तो कागद उचलला. चाळिशीचा, रापलेला माणूस. बापासमोर कधी मोठ्याने बोललेला नसावा. त्याने कागदाकडे नीट पाहिलं.

"मले असंच व्हायचं, आबा," तो म्हणाला.

गुरुजींनी मान वळवली.

"मलेबी येत नव्हतं. मीबी पाठच करत होतो. सातवीच्या पुढं पाठ होईना, म्हून शेती करतो म्हटलं तुमाले." त्याने कागदाची घडी घातली. "मले वाटलं होतं तुमाले समजलं असंल. आजपासून तिच्या अभ्यासाले बसू नका."

गुरुजी तोंड उघडून मुलाकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला गेले, शब्द सापडला नाही. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुबीनाने ठरवलेलं वाक्य गिळलं. त्याच्याहून खोल घाव बसला होता आणि तो तिने घातलेला नव्हता.

*

बुलढाण्याला तपासणी झाली. शाळेत प्रेरणाला पुढची जागा मिळाली, परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला, ज्ञानेश्वर सर तिची काही उत्तरं तोंडी घ्यायला लागले. आठवड्यातून दोनदा मुबीना घरी येते. खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं मुलगी बोटाने गिरवते, आवाज काढते, जोडते. घ आणि ध अजून भांडतात, पण पूर्वीइतके नाहीत. पांघरूण आता कोरडं असतं.

किसनराव गुरुजी तेवढा वेळ मारुतीच्या पारावर जाऊन बसतात. मुबीना नेमकी त्यांच्या चहाच्या वेळेला येते, म्हणजे त्यांना कप टाकून उठावं लागतं. हे ती मुद्दाम करते. माफ करावं असं तिला अजून वाटलेलं नाही, वाटेल असंही नाही.

मतीन काही महिने तिच्याशी बोलला नाही. ईदला आला, शीरखुर्मा प्याला, आणि जाताना इतकंच विचारलं, "ती पोट्टी वाचते का आता?"

"वाचते. हळू."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

रेणुकाने मुबीनाला अजून चहा विचारलेला नाही. चटई अंथरते, पंखा लावते, मुलीपुढे पाण्याचा पेला ठेवते आणि आत जाते. परवा प्रेरणाने कधीच न पाहिलेली एक ओळ, बोट ठेवत, थांबत थांबत शेवटपर्यंत वाचली. आत भाकरी थापण्याचा आवाज बंद पडला. मुबीना दाराकडे बघत राहिली. क्षणभराने थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. बाहेर कोणी आलं नाही.

"पुढची वाचू का मॅडम?" प्रेरणाने विचारलं.

"वाच," मुबीना म्हणाली.